क्रीडावेश : सातारा व सांगली परिसर

क्रीडावेश म्हणजे खेळाडूने सामन्याच्या वेळी परिधान करावयाचा, नियमांनी अथवा रूढीने निश्चित झालेला पोशाख. शरीराच्या हालचालीस मोकळीक देणे, दोन पक्षांतील भेद पंच व प्रेक्षक यांना तत्काळ कळू देणे आणि खेळाडू कोणाच्या वतीने मैदानात उतरला आहे हे दर्शविणे, अशी तीन कामे त्याकडून अपेक्षित असतात. ही तिन्ही कामे एकच वेश सारख्याच चांगल्या प्रकारे क्वचितच पार पाडतो. त्यामुळे क्रीडावेशाचा इतिहास हा बव्हंशी या तिन्ही गरजांच्या ओढाताणीचा इतिहास आहे. सातारा व सांगली हे जिल्हे पूर्वी एकच होते. १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा निर्माण झाला आणि १९६० मध्ये त्यास सांगली हे नाव मिळाले. तालमी, संस्थानी आश्रय, शिक्षणसंस्था आणि सहकारी चळवळ यांमुळे या परिसरात खेळांची परंपरा दाट आहे व वेशातील स्थित्यंतरे येथे सलगपणे पाहावयास मिळतात.

संघाला स्वतःचा असा रंग असावा, ही कल्पना मुख्यत्वे एकोणिसाव्या शतकातील पाश्चात्त्य सांघिक खेळांची देणगी आहे. तिचे सर्वांत बोलके उदाहरण अमेरिकेतील बेसबॉलमध्ये सापडते. न्यूयॉर्क येथील निकरबॉकर मंडळाने १८४९ मध्ये निळी लोकरी विजार, पांढरा फ्लॅनेलचा सदरा आणि गवती टोपी असा वेश ठरविला. तो खेळाडूंपेक्षा सभ्य गृहस्थांनाच अधिक शोभणारा होता. पुढे सिनसिनाटीच्या संघाने गुडघ्याखाली संपणारी आखूड विजार व तांबडे पायमोजे वापरले आणि संघाचे नावच त्या पायमोज्यांवरून पडले. रंगाचा अतिरेक कसा अंगलट येतो हेही याच खेळाने दाखविले. १८८२ मध्ये तेथील राष्ट्रीय लीगने मैदानावरील प्रत्येक जागेला वेगळ्या रंगाचा सदरा ठरवून दिला व संघाची ओळख केवळ पायमोज्यांच्या रंगावर सोडली. परिणामी दोन्ही संघांतील समान जागेवरील खेळाडू एकसारखे दिसू लागले. हा प्रयोग त्याच हंगामात गुंडाळावा लागला. पाठीवरील क्रमांकांची पद्धत १९२९ मध्ये न्यूयॉर्क यांकीज व क्लीव्हलँड या संघांनी कायम केली. यांकीजने तर फलंदाजीच्या क्रमानुसारच क्रमांक दिले होते. स्वगृही पांढरा व परगावी करडा वेश, ही बेसबॉलमधील विभागणी साधी असली, तरी तिने दीर्घकाळ उत्तम काम केले. आपल्याकडील जिल्हा पातळीवरील स्पर्धांत आजही दोन संघ एकाच रंगात समोरासमोर येतात, हे ध्यानात घेता तिचे महत्त्व पटते.

प्रस्तुत परिसराचा मूळ क्रीडावेश मात्र संघाचा नाही, तर मल्लाचा होय. लंगोट आणि त्यावर जांघिया एवढाच हा वेश. तालमीतील मारुतीच्या शेंदराशी नाते सांगणारा तांबडा रंग त्यात विशेष रूढ आहे. लंगोट हे केवळ वस्त्र नव्हे, तर व्रताचे चिन्ह मानले जाते. ‘लंगोटाचा पक्का’ हा शब्दप्रयोग तालमीबाहेरही चारित्र्याच्या संदर्भात वापरला जातो. वेश म्हणून त्याची बांधणी अचूक आहे. कमर व जांघ घट्ट आवळली जाते, प्रतिस्पर्ध्याला धरावयास मोकळा कपडा मिळत नाही आणि जांघियाची किनार ही स्वतःच काही डावांची पकड ठरते. त्यात पक्ष ओळखण्याची सोय मात्र नाही, आणि तिची गरजही नव्हती. आखाड्याच्या मातीत काव, हळद, ताक, तेल व लिंबू यांचे मिश्रण केलेले असते. सलामी झडून कुस्ती लागली, की काही क्षणांतच दोन्ही अंगे एकाच मातकट तांबड्या रंगाची होतात. मग लंगोट कोणत्या रंगाचा होता याला अर्थ उरत नाही. पंच दोघांनाही नावाने, गावाने आणि वस्तादाच्या नावाने ओळखत असतो. भोवतीचा प्रेक्षकही तसाच जाणता असतो. रंगाचा नियम तेथे निर्माण झाला नाही, याचे कारण हेच होय. त्यात सौंदर्यदृष्टीचा अभाव शोधणे चुकीचे ठरेल.

गादीवरील कुस्तीने हे चित्र बदलले. कराडजवळील गोळेश्वर येथील खाशाबा जाधव (१९२६–८४) यांनी १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सहावा क्रमांक मिळविला व १९५२ मध्ये हेलसिंकी येथे कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारतातील हे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. त्यांची घडण मातीवर झाली होती आणि आंतरराष्ट्रीय कुस्ती मात्र गादीवर, अंगाला चिकटणाऱ्या एकसंध पोशाखात होत असे. सांगली जिल्ह्यातील कवठेपिरानचे मारुती माने यांनी १९६२ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत मुक्त शैलीत सुवर्ण व ग्रीको-रोमन शैलीत रौप्यपदक पटकाविले आणि १९६४ मध्ये हिंदकेसरी किताब मिळविला. त्यांच्या पिढीला दोन्ही वेश अंगवळणी पाडून घ्यावे लागले. विद्यमान आंतरराष्ट्रीय नियमांनुसार एका मल्लाने तांबडा व दुसऱ्याने निळा पोशाख घालावयाचा असतो. गुणफलकावरही तेच रंग असतात. माती नसल्याने रंग शेवटपर्यंत टिकतो, आणि गुणांवर निर्णय होत असल्याने तो टिकणे आवश्यकही असते. म्हणजे येथे रंग गावाचा, तालमीचा वा देशाचा नसून केवळ कोपऱ्याचा असतो. सकाळच्या फेरीत तांबड्यात लढलेला मल्ल दुपारी निळ्यात दिसतो. जुन्या वस्तादांना हा पोशाख परका व अंगप्रदर्शनास कमी अनुकूल वाटला. मल्लाची कमावलेली छाती व खांदे झाकून कुस्तीची निम्मी शोभा गेली, अशी तक्रार आजही ऐकू येते. दृश्य सौंदर्यापुरते बोलावयाचे, तर ही तक्रार खरी आहे.

परंतु या परक्या पोशाखाने एक असे काम केले, की जे लंगोटाच्या परंपरेत होणे शक्य नव्हते. लंगोट आणि त्यामागील व्रतकल्पना पूर्णतः पुरुषांची होती आणि तालमीचा उंबरठा स्त्रियांना बंद होता. सर्वांगास बेताने झाकणारा, स्त्री-पुरुषांना सारखाच लागू होणारा पोशाख नियमाने आला, तेव्हा निदान वेशाची अडचण दूर झाली. स्त्रियांच्या कुस्तीचा समावेश ऑलिंपिकमध्ये २००४ पासून आहे. महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा मार्च २०२३ मध्ये सांगली येथेच भरली व सांगली जिल्ह्यातील प्रतीक्षा बागडी या मल्ल स्त्रीने किताब जिंकला. पुरुषांची ही स्पर्धा १९६१ पासून चालत आलेली असून २०२२ मध्ये ती सातारा येथे झाली. दोहोंमधील सहा दशकांचे अंतर केवळ कापडामुळे पडले असे कोणी म्हणणार नाही. तथापि कापड हे त्या अंतराचे एक दृश्य कारण होते, हेही नाकारता येत नाही.

संस्थानी काळात व्यायामाच्या वेशाला शिस्तीचे रूप देण्याचे श्रेय औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) यांना द्यावे लागेल. सूर्यनमस्कारांचा त्यांनी हिरिरीने प्रसार केला व संस्थानातील शाळांत ते सक्तीचे केले. शेकडो मुलांनी एका तालावर नमस्कार घालावयाचे, म्हणजे वेशही एकसारखा व बेताचा असणे ओघानेच आले. व्यायामशाळांतील अर्धी चड्डी व उघडे अंग किंवा पांढरा गंजीफ्रॉक, हा वेश येथून पुढे शाळांच्या कवायतीत स्थिरावला. तो स्वस्त होता आणि घरच्या घरी धुता येण्याजोगा होता. रयत शिक्षण संस्थेच्या वसतिगृहांतील गरीब मुलाला वेगळा क्रीडावेश परवडणारा नव्हता. शाळेचा गणवेश हाच त्याचा खेळाचाही वेश असे.

क्रिकेटचा पांढरा वेश ही याहून अगदी वेगळी परंपरा होय. सांगलीत जन्मलेले विजय हजारे (१९१५–२००४) यांच्या कारकीर्दीवरून तिचे वैशिष्ट्य लक्षात येते. मुंबईची पंचरंगी स्पर्धा हिंदू, पारशी, मुसलमान, युरोपीय व ‘शेष’ अशा जमातवार संघांची होती. १९४३ च्या अंतिम सामन्यात हिंदूंविरुद्ध शेष संघाच्या ३८७ धावांपैकी ३०९ एकट्या हजारे यांनी काढल्या. ज्या स्पर्धेवर जातीय भेद जोपासल्याचा आरोप सातत्याने झाला व जी १९४६ नंतर बंद पडली, तिच्यात सर्व संघ एकाच शुभ्र वेशात खेळत. भेद नावात होता, पोशाखात नव्हता. हजारे यांनी महाराष्ट्र, मध्य भारत व बडोदा या संघांकडूनही खेळ केला आणि त्यांच्याच नेतृत्वाखाली १९५२ मध्ये मद्रास येथे भारताने पहिला कसोटी विजय मिळविला. या सर्व काळात त्यांचा वेश जवळजवळ एकच राहिला. संघ बदलला, तरी खेळाडूचे रूप तेच राहावे, हा पांढऱ्या रंगाचा मोठाच गुण होता. दोष हा, की दुरून पाहणाऱ्यास फलंदाजाची ओळख त्याच्या उभे राहण्याच्या ढबीवरूनच पटवून घ्यावी लागे. जाणकारांना अर्थात त्यातच आनंद वाटे.

ऑस्ट्रेलियात १९७७ ते ७९ या काळात झालेल्या खाजगी स्पर्धामालिकेने रंगीत वेश व पांढरा चेंडू प्रकाशझोतात आणले. त्या वेळी वेस्ट इंडीजच्या तगड्या गोलंदाजांच्या वाट्यास प्रवाळी गुलाबी रंग आला होता. १९९२ च्या विश्वचषकापासून रंगीत वेश व पाठीवर नाव हा प्रघात सर्वमान्य झाला. भारताच्या निळ्याविषयी फारशी तक्रार कधी झाली नाही. मात्र २०१९ च्या विश्वचषकात यजमान इंग्लंडचाही वेश निळाच असल्याने ३० जून रोजी बर्मिंगहॅम येथील सामन्यात भारताने पाठीवर व बाह्यांवर नारिंगी असलेला वेश वापरला. तेव्हा हा रंग कोणत्या पक्षाचा, यावर देशात आणि महाराष्ट्रातही वाद झाला. रंगाला मैदानाबाहेरचा अर्थ चिकटला, की त्याची चिकित्सा केवळ शोभेच्या अंगाने करता येत नाही. भगवा, निळा आणि हिरवा या तीन रंगांबाबत महाराष्ट्रातील संघांना ही अडचण नेहमीच जाणवते. गावच्या संघाचा सदरा निवडताना ‘हा रंग कोणाचा’ हा प्रश्न निघाल्यावाचून राहत नाही.

कबड्डी व खो-खो या खेळांचे नियम विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बांधले गेले. खो-खोची नियमावली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ मध्ये केली, तर कबड्डीची मोठी स्पर्धा १९२३ मध्ये बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्याने भरविली. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या प्रसंगी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखविली. या खेळांच्या वेशाचे नियम थोडके व व्यवहारी आहेत. कबड्डीत बनियन, अर्धी चड्डी व आत लंगोट असावा, पुढे व मागे क्रमांक असावा, नखे काढलेली असावीत, दागिने नसावेत आणि अंगास तेल वा स्निग्ध पदार्थ चोळलेला नसावा, असे दंडक आहेत. शेवटच्या नियमावरून खेळाचे स्वरूपच उलगडते. पकड हा या खेळाचा प्राण असल्याने निसटते अंग ही लबाडी ठरते. चढाई करणाऱ्यास हातपाय वा धड यांखेरीज अन्यत्र धरणे नियमबाह्य असल्याने सैल सदरा हा तंट्याचे मूळ होतो. अंगाबरोबर बसणारे सुती बनियन हे त्यावरचे साधे उत्तर होते. घाम शोषणारे व फाटले तरी सहज बदलता येणारे हे वस्त्र क्रीडावेशाच्या दृष्टीने आदर्शाच्या जवळ जाते.

रंगाच्या बाबतीत मात्र या दोन्ही खेळांत बराच काळ बेफिकिरी राहिली. पांढऱ्या बनियनावर शाईने किंवा कापडी पट्टीने क्रमांक टाकला, की झाले, अशी वृत्ती होती. तांबड्या मातीच्या मैदानावर संध्याकाळच्या उतरत्या उजेडात तांबडा, तपकिरी वा गर्द किरमिजी वेश पार्श्वभूमीत मिसळून जातो. खो-खोत तर पाठलाग करणाऱ्या संघाचे आठ गडी ओळीत आलटून पालटून विरुद्ध दिशांना तोंड करून बसलेले असतात. तेथे बसलेले गडी व धावणारे गडी यांचा वेश डोळ्यांना झटकन वेगळा कळला नाही, तर प्रेक्षकाची निम्मी मजा जाते. मातीच्या मैदानास पिवळा, आकाशी किंवा पोपटी हे रंग मानवतात. काळा सर्वांत वाईट. तो उन्हात तापतो आणि मातीने लगेच राखाडी दिसू लागतो. असे असूनही अलीकडच्या स्थानिक संघांत काळ्याचे आकर्षण वाढले आहे. दूरदर्शनवरील सामन्यांत, निळ्या-हिरव्या गाद्यांवर व झगझगीत दिव्यांखाली तो उठून दिसतो, एवढेच त्याचे कारण असावे.

खेळणाऱ्या मुलींच्या वेशाचा प्रश्न अधिक नाजूक होता. नऊवारीचा कासोटा धावण्यास अडचणीचा नव्हता. शेतातील स्त्रिया त्यातच सर्व कष्टाची कामे करीत. शाळकरी मुलींच्या परकर-पोलक्याची मात्र खेळताना अडचण होई. पुढे सलवार-कमीज व त्यानंतर अर्धी विजार आणि टी-शर्ट असे टप्पे आले. स्त्रियांची राष्ट्रीय कबड्डी स्पर्धा १९५५ पासून सुरू झाली असली, तरी तालुक्याच्या गावी अर्ध्या विजारीत मैदानात उतरणे ही गोष्ट त्यानंतर कितीतरी वर्षे घरातील वादाची राहिली. अनेक चांगल्या खेळाडू मुलींचा खेळ या एका कारणाने थांबला. हा प्रश्न केवळ आपल्याकडचाच आहे असे नाही. इंग्लंड व ऑस्ट्रेलियाच्या स्त्रिया विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत दुभंगलेल्या घागऱ्यात क्रिकेट खेळत. २०२१ मध्ये नॉर्वेच्या पुळणीवरील हँडबॉल संघास आखूड वस्त्राऐवजी चड्डी घातल्याबद्दल दंड झाला. विंबल्डनने पांढऱ्या झग्याखाली गडद अंतर्विजार घालण्यास खेळाडू स्त्रियांना परवानगी दिली ती २०२३ मध्ये. एकीकडे अंग झाकण्याची सक्ती, तर दुसरीकडे दाखविण्याची, आणि दोहोंतही खेळणारीचे मत विचारलेले नाही. पांढरी चड्डी मुलींच्या शालेय संघांना देऊ नये, ही साधी गोष्ट मासिक पाळीचा उच्चार टाळण्याच्या संकोचामुळे संघव्यवस्थापकांना उशिरा सुचली. माण तालुक्यातील मोही गावच्या ललिता बाबर हिने खो-खोपासून सुरुवात करून २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ३,००० मी. अडथळ्यांच्या शर्यतीची अंतिम फेरी गाठली. सांगलीत वाढलेली स्मृती मानधना २ नोव्हेंबर २०२५ रोजी विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय क्रिकेट संघात होती. तिच्या पाठीवरील १८ हा आकडा लिहिलेला निळा सदरा आज लहान मुलींबरोबर मुलेही घालतात. स्त्री-खेळाडूच्या नावाचा सदरा मुलाने घालणे ही या परिसरात नवीन गोष्ट आहे.

२०१४ मध्ये सुरू झालेल्या प्रो कबड्डी लीगने वेशाची भाषाच बदलली. महाराष्ट्रातील पुणेरी पलटण व यू मुंबा या दोन्ही संघांनी केशरी-नारिंगी छटांना प्राधान्य दिले. त्यामागे इतिहासाची आठवण जागवण्याचा हेतू उघड दिसतो. मात्र एकाच राज्यातील दोन प्रतिस्पर्ध्यांनी एकाच रंगकुटुंबात राहणे, हे कल्पकतेचे लक्षण नव्हे. वेश आता गुळगुळीत बहुवारिक धाग्याचा असतो. छाती, पाठ, बाह्या व विजार या सर्व ठिकाणी पुरस्कर्त्यांची नावे छापलेली असतात. त्यांच्या गर्दीत क्रमांक आक्रसतो आणि संघाचे बोधचिन्ह नाण्याएवढे उरते. वेशाचे तिसरे काम, म्हणजे खेळाडू कोणाचा हे सांगणे, येथे सर्वांत दुबळे पडले आहे. वाळवा तालुक्यातील कासेगावचा काशिलिंग आडके पहिल्या हंगामात दिल्लीच्या संघाकडून चढाया करीत होता. गावकरी दूरचित्रवाणीसमोर बसून परक्या शहराच्या रंगाला टाळ्या देत होते. सातारा वा सांगली या नावाचा संघ या लीगमध्ये नाही. हजारे यांच्याही वाट्यास हेच आले होते, परंतु पांढऱ्या वेशात परकेपणा तितका डोळ्यांवर येत नसे.

याउलट गावपातळीवर रंगांची अपूर्व रेलचेल झाली आहे. विटा व माधवनगर ही सांगली जिल्ह्यातील गावे आणि शेजारचे इचलकरंजी येथे सुती कापडाचा व्यवसाय जुना असला, तरी क्रीडावेशाचा धागा आता बहुतांशी कृत्रिम व बाहेरून येणारा आहे. त्यावर संगणकावर आखलेली नक्षी उष्णतेच्या साहाय्याने उमटविण्याची सोय तालुक्याच्या बाजारपेठांत उपलब्ध झाल्याने पंधरा सदऱ्यांची मागणीही सहज पुरी होते. टेनिसच्या चेंडूवरील क्रिकेटचे संघ, कबड्डी मंडळे व शालेय बेसबॉल-सॉफ्टबॉलचे चमू यांचे सदरे तेथेच तयार होतात. ज्वाळा, वाघाचे जबडे, विजेच्या रेषा यांचा त्यांवर सुळसुळाट असतो, आणि तीन-चार रंग एकमेकांत विरघळविलेले असतात. जवळून ते भडक दिसतात व दुरून अस्पष्ट. या नक्षीत क्रमांक वाचता येत नाही, ही पंचांची तक्रार रास्त आहे. पण बहुतेक सदऱ्यांवर पाठीच्या वरच्या भागात खेळाडूचे टोपणनाव, त्याखाली आकडा आणि सर्वांत खाली ठळक अक्षरांत गावाचे व तालुक्याचे नाव असते. धुलाईगणिक नक्षी विटत जाते आणि दोन हंगामांनंतर हे सदरे उसाच्या फडात व ट्रॅक्टरवर कामाचे कपडे म्हणून वापरले जातात.